समुद्रातलं राखीव पाणी कसं सांभाळतात, आणि मालगुजारी तलावांना त्यातलं काय लागू पडतं

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ढिवर मच्छीमार संस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे. संस्थेकडे सहा मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेले गावतलाव, ठेक्याने आहेत. मरळ, शिंगी, वाम हे गावठी मासे वर्षागणिक कमी होत चाललेत. एका प्रशिक्षणात त्यांनी सागरी संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्याबद्दल ऐकलं. आता ते विचारतात: समुद्रात हे नेमकं कसं सांभाळतात, आणि आपण सहापैकी दोन तलाव कायमचे बंद ठेवले तर आपल्याकडेही मासे वाढतील का?

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. मासे वाढतील की नाही हे कोणते दोन तलाव बंद करता त्यावर आहे. तुम्ही लिहिलंय, "वरचे दोन तलाव तसेही उथळ आहेत, फारसं उत्पन्न देत नाहीत, म्हणून तेच बंद ठेवायला सभासद तयार आहेत." इथेच मी थांबलो. किनाऱ्यावर राखीव क्षेत्रांच्या व्यवस्थापनाचं काम करताना हे वाक्य वेगवेगळ्या भाषांत ऐकलंय. जिथे कोणाचं पोट अडत नाही, कोणी मोर्चा काढत नाही, ते पाणी राखीव करायचं आणि नकाशावर रंग भरून मोकळं व्हायचं. डिसेंबर 2022 मध्ये जगातल्या देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत समुद्राचा 30 टक्के भाग संरक्षित करायचा. आकडा गाठायची घाई लागली की असं बिनहरकतीचं पाणी आधी उचललं जातं, कारण ते स्वस्त पडतं. मासेमारी तिथे मुळातच कमी असते, मग बंदीने फरक कशाला पडणार?

2014 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या 87 सागरी संरक्षित क्षेत्रांची पाहणी प्रसिद्ध झाली. मासे खरोखर भरभरून वाढलेले सापडले ते पाच गोष्टींपैकी चार-पाच जुळून आलेल्या ठिकाणी. मासेमारी पूर्ण बंद, राखण चोख, बंदीला दहा वर्षांहून जास्त काळ, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून मोठं, आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू असल्यामुळे इतर खडकांपासून तुटलेलं. निम्म्याहून जास्त क्षेत्रांत यातल्या एक-दोनच गोष्टी होत्या, आणि तिथलं पाणी शेजारच्या खुल्या पाण्याहून वेगळं ओळखू येत नव्हतं. कागदावर मात्र सगळी सारखीच 'संरक्षित'.

आता ते जाळं कसं विणतात ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 1975 पासून सागरी उद्यान आहे, पण 2004 पर्यंत तिथे मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहूनही कमी होता. मग त्यांनी आधी पाण्याचे प्रकार पाडले: प्रवाळाचे 30 आणि प्रवाळाबाहेरचे 40, म्हणजे एकूण 70. प्रत्येक प्रकारातला किमान 20 टक्के भाग बंद ठेवायचा असा नियम केला. कोणता तुकडा बंद करायचा यावर घासाघीस करायला जागा ठेवली, पण एखादा प्रकार सोडून द्यायची मुभा कोणालाच नव्हती. लोकांकडून दोन फेऱ्यांमध्ये मिळून 31 हजारांहून जास्त निवेदनं आली. 1 जुलै 2004 ला नवी आखणी लागू झाली तेव्हा पूर्ण बंद भाग 33 टक्क्यांवर गेला होता.

हा नियम तुमच्या सहा तलावांना लावून पाहा. बारमाही पाणी टिकणारा खोल तलाव किती? पाणवनस्पतींनी भरलेला उथळ किती? जंगलातला किती, गावालगतचा किती? वरचे दोन उथळ तलाव निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. देवधान आणि पाणवेली असतील तर अंडी घालायला आणि पिल्लं लपायला तीच जागा उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये ते आटतात. तेव्हा गाभोळी धरणारी मोठी मादी कुठे जगते? खालच्या मोठ्या तलावाच्या डोहात. आणि तो डोह उन्हाळ्यात, पाणी गुडघ्यावर आल्यावर, ओढजाळ्याने खरवडून काढला जातो. ठेक्याच्या शेवटच्या वर्षी तर हमखास, कारण पुढचा ठेका कोणाला मिळेल याची खात्री नसते. म्हणजे वरचे पाळणाघर राखलं आणि खाली आयाच मारल्या. बंद ठेवायचा असेल तर तो डोह.

समुद्रातल्या जाळ्यात एका तुकड्याने दुसऱ्याला पोसायचं असतं. बहुतेक समुद्री माशांची अंडी आणि पिल्लं सुरुवातीचे दिवस-आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे एका खडकावर जन्मलेला मासा दुसऱ्याच खडकावर मोठा होतो. ही वाट डोळ्यांना दिसत नाही. ग्रेट बॅरियर रीफच्या केपेल बेटांपाशी शास्त्रज्ञांनी पिल्लांची जनुकीय तपासणी करून त्यांचे आईबाप शोधले. 2012 मध्ये निष्कर्ष आले: तिथल्या प्रवाळ क्षेत्रापैकी 28 टक्के भाग बंद होता, पण तीस किलोमीटरच्या परिसरात नव्याने आलेल्या पिल्लांपैकी जवळपास निम्मी त्या बंद भागातल्या माशांची होती. कारण सरळ आहे. बंद पाण्यात मादी मोठी होते, आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. कॅलिफोर्नियाने आपल्या किनाऱ्यावर 124 संरक्षित क्षेत्रांचं जाळं 2012 मध्ये पूर्ण केलं, तेव्हा आखणीचा दंडकच असा होता की दोन शेजारच्या क्षेत्रांत 50 ते 100 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नको. पिल्लं साधारण तेवढी वाहू शकतात, या हिशोबाने.

आपल्याकडे ही वाट डोळ्यांसमोर असते आणि तरी आपण ती मोजत नाही. कोहळी समाजाने हे तलाव बांधले ते एकाखाली एक. वरचा भरला की सांडव्यातून पाणी नाल्याने, बांध्यांमधून म्हणजे धानाच्या शेतांतून खालच्यात उतरतं. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात मासे याच वाटेने उलटे चढतात. शिंगी तर बोटभर पाण्यातून सरपटत धानाच्या बांधीत शिरते. नेमक्या त्याच दोन-चार रात्री सांडव्याच्या तोंडाशी मच्छरदाण्या आणि बांबूचे सापळे लागतात आणि गाभोळीने फुगलेला मासा टोपलीत जातो. दोन तलाव वर्षभर बंद ठेवून जे साधेल त्यातलं बरंचसं या थोड्या रात्री सांडवे मोकळे ठेवून साधतं. सहाही तलावांचे सांडवे आणि त्यांना जोडणारे नाले हे तुमच्या जाळ्यातलं पहिलं राखीव क्षेत्र समजा. नाल्यावर नवीन रस्ता झाला असेल आणि मोरीचं तोंड पाण्याच्या पातळीहून वर टांगलेलं असेल, तर मासा तिथून वर जाऊ शकत नाही. खाली दगड-मातीचा उतार करून द्या, खर्च फार नाही. आणि नाल्यालगतच्या बांध्यांत पिल्लं असतानाच्या काळात कीटकनाशकाची फवारणी कशी आवरायची हे त्या शेतकऱ्यांशी बसून बोलावं लागेल. त्यात निम्मे तुमच्याच सभासदांचे भाऊबंद निघतील.

मरळीचं वेगळं लिहायला हवं. पावसाळ्यात तलावाच्या कडेला, वनस्पतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाणी उकळल्यासारखं बुडबुडताना दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका असतो, सगळी एकदम वर येऊन हवा घेतात आणि खाली जातात. त्यांच्या खाली हातभर खोलीवर नर-मादी राखणीला असतात. तो घोळका शिकाऱ्याला खूणच देतो. गळ टाकला की चवताळलेली मरळ हमखास धरते, आणि ती गेली की तास-दोन तासांत बाकीचे मासे, बगळे, पाणकावळे पिल्लांचा फडशा पाडतात. एक किलो मरळीसाठी अख्खी पुढची पिढी गेली. समुद्रात गोबरे-हेकरूसारखे मासे ठरावीक दिवसांत ठरावीक जागी अंडी घालायला जमतात. त्या जागा त्या दिवसांपुरत्या बंद ठेवणं हा व्यवस्थापनातला सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय मानला जातो. तुमचा ठराव तसाच असू दे: मृगापासून पोळ्यापर्यंत पिल्लांवरची मरळ कोणी धरायची नाही, सहाही तलावांत. सभासदाचं नुकसान त्यात नाममात्र आहे.

कटला, रोहू, मृगळ यांना मात्र बंदीचा काडीचा फायदा नाही. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात नाही. तुम्ही बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडता तेवढेच ते असतात, आणि वेळेवर काढले नाहीत तर तुमचा पैसा पाण्यात. म्हणून राखीव डोहाच्या बाहेर मोठ्या आसाची जाळी लावून ते काढत राहा. राखीव साखळीत गवत्या (ग्रास कार्प) सोडू नका, तो वनस्पती फस्त करतो. तिलापिया नको. आफ्रिकन मांगूर तर देशात बंदच आहे, तरी कोणीतरी स्वस्तात आणून टाकतो. आणि 'अर्धी बंदी' करायची असेल, म्हणजे गळ चालेल पण जाळं नको, रविवारी चालेल पण सोमवारी नको, तर माझं मत विरोधात आहे. समुद्रातला अनुभव असा की अर्ध्या बंदीचा फायदा अर्ध्याहून फार कमी मिळतो आणि राखणीचा त्रास दुप्पट होतो, कारण रात्री बॅटरी घेऊन आलेल्याला प्रत्येक वेळी काहीतरी सबब असते. लहान डोह बंद ठेवा, पण अख्खा बंद ठेवा. मरळ, शिंगी फार लांब फिरणारे मासे नाहीत, त्यामुळे लहान जागाही कामाची ठरते. सुरमई-टुनासारख्या भटक्या माशांना असल्या लहान तुकड्यांनी काही होत नाही, तिथे हे गणित वेगळं असतं.

डोह एकच का नको, तेही सांगतो. फिलिपिन्समधल्या अपो या लहानशा बेटावर गावकऱ्यांनी 1982 मध्ये प्रवाळाचा एक तुकडा बंद केला. तो जगभर आदर्श ठरला. शेजारच्या खुल्या पाण्यात मासे उतू जातात हे तिथे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. मग डिसेंबर 2011 मध्ये वादळ आलं आणि त्याच राखीव तुकड्यातलं प्रवाळ झोडपून निघालं. तुमच्याकडे वादळाच्या जागी दुष्काळ आहे, फुटलेली पाळ आहे, आणि विष टाकणारे आहेत. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून पाण्यात विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं गुन्हा आहे, पण एका रात्रीत तलाव साफ होतो तेव्हा कायदा सकाळी पोहोचतो. म्हणून किमान दोन डोह, आणि शक्यतो वेगवेगळ्या नाल्यांवरच्या तलावांत.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलाय: "काही सभासद म्हणतात, तं मंग आमी का खावाचं जी?"

तो प्रश्न सभेच्या पहिल्या विषयात घ्या. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या गाभा क्षेत्रासह. ज्या मच्छीमारांचं ते पाणी होतं त्यांचा विरोध पहिल्यापासून होता आणि तो दशकानुदशकं चालला. किनाऱ्यावर अभयारण्य हा शब्द काढला की आजही पहिला प्रश्न 'आमची जाळी कुठे टाकायची' हाच येतो. तमिळनाडूलगतच्या मन्नारच्या आखातात 1986 मध्ये 21 बेटांचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवती बुड्या मारून समुद्रशेवाळ काढणाऱ्या बाया एकाएकी गुन्हेगार ठरल्या. त्यांनी पुढे संघटना बांधून महिन्यातले ठरावीक दिवसच शेवाळ काढायचं असा नियम आपला आपण घातला. व्यवस्थापन आराखड्यात जे नव्हतं ते त्या बायकांनी करून दाखवलं.

ग्रेट बॅरियर रीफवर सरकारने मच्छीमारांना भरपाई दिली. सुरुवातीचा अंदाज किरकोळ होता, शेवटी रक्कम वीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली. कारण जिथे जाळी टाकायची बंद झाली तिथले मच्छीमार घरी बसले नाहीत, उरलेल्या पाण्यात सरकले, आणि तिथल्यांचंही उत्पन्न दाबलं गेलं. राखीव क्षेत्राची आखणी करणारे हा सरकलेला भार हमखास विसरतात. तुमच्याकडेही मोठ्या तलावाचा डोह बंद केला की त्यावर जगणारी घरं उरलेल्या पाच तलावांवर येतील.

तुमची तिजोरी लाखाच्या पलीकडची नाही, हे मी धरून चालतो. तरी मार्ग आहेत. डोह बंद झाल्याने ज्या घरांचा उन्हाळ्याचा पैसा जातो त्यांची नावं आधी काढा. तलावाची नको, घरांची यादी. बोटुकलीच्या मासळीतला त्यांचा वाटा पहिली दोन-तीन वर्षं वाढवून द्या आणि तो ठरावात लिहा, तोंडी नको. बेशरमाची झुडपं उपटणं, गाळ काढणं, पाणवनस्पती लावणं ही कामं रोजगार हमीतून मागता येतात. ती उन्हाळ्यात, डोहाच्या खरवडीच्याच काळात पडतील असं बघा आणि त्या घरांना आधी काम द्या. गोंदिया-भंडाऱ्यात ढिवर बायकांनी हे काम हाताने करून दाखवलेलं आहे, आणि कोणती वनस्पती माशाच्या खाण्याची, कोणती अंड्याची, कोणती नुसती कचरा, हे त्यांच्याइतकं कृषी विद्यापीठातही सापडणार नाही. त्यांना सभेत मागच्या रांगेत बसवू नका. झिंगे आणि बारीक मासळी बहुतेक त्याच काढतात, म्हणजे बंदीचा पहिला फटका त्यांनाच.

राखण आणि दंडाबद्दल थोडक्यात. बाहेरचा चोर पकडणं सोपं, अध्यक्षांचा साळा पकडणं अवघड. दंड सगळ्यांना झेपेल इतका लहान ठेवा आणि पहिल्याच वेळी, कोणीही असो, वसूल करा. मोठा दंड वसूल होत नाही आणि मग नियमच मरतो. हद्द दिसली पाहिजे: समुद्रात बोये सोडतात, तुम्ही डोहाभोवती बांबू रोवा आणि मधे झाडांच्या काटेरी फांद्या टाका. फांद्यांत ओढजाळं अडकतं आणि पिल्लांना आडोसा मिळतो. संस्थेच्या ठरावाबरोबर ग्रामसभेचाही ठराव घ्या. तलाव वनजमिनीत असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये पाणवठ्यांतली मासळी नावानिशी आहे. मग ठेका बदलला तरी ग्रामसभेचा नियम उभा राहतो. पाच वर्षांचा ठेका आणि दहा वर्षांनी फळ देणारं राखीव क्षेत्र, यांचा मेळ संस्थेच्या एकटीच्या ठरावाने बसत नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र समुद्रातून शिकता येणार नाही. तिथे कोणी तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडून समुद्र रिकामा करत नाही. तुमच्याकडे धानाला शेवटचं पाणी लागतं, उन्हाळी धानवाले मार्चमध्ये परत मागतात, बुडित भागात गाळपेर करणाऱ्याला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्याला, पाणी जितकं लवकर उतरेल तितकं हवं असतं. शेतकऱ्यांशी आणि पाणी सोडणाऱ्या खात्याशी डोहात किमान किती पाणी राहील याची खूण ठरवा, पाळीच्या दगडावर रंगाने ओढा, आणि त्याखाली तुडूम उघडायचं नाही हे लेखी घ्या. हे जमलं नाही तर बाकी सगळ्या ठरावांना अर्थ नाही, इतकं मी स्पष्ट सांगेन. सगळ्यात आधी हेच करा, बंदी नंतर.

मोजणीला शास्त्रज्ञ लागत नाही. संस्थेचं आवक रजिस्टर आहेच. त्यात एकूण किलोऐवजी तीन रकाने करा: किती जाळी किती रात्र लावली, कोणता मासा किती, आणि सर्वात मोठी मरळ किती लांब. जाळी-रात्रीमागची मासळी पाहिली तरच वाढ कळते. नुसते किलो वाढले तर कदाचित जाळीच वाढली असतील. साखळीबाहेरच्या एका तलावाचीही तशीच नोंद ठेवा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय बंदीला आणि दुष्काळाचा दोष बंदीला, असं दोन्हीकडून होईल. मरळ साधारण एक-दोन वर्षांत अंड्यावर येते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर घोळके जास्त दिसायला हवेत. प्रत्येक तलावात किती घोळके दिसले याची नोंद गुराखी पोरांकडून घ्या. त्यांच्याइतकं तलावाच्या काठावर कोणी नसतं.

वरच्या दोन उथळ तलावांपैकी ज्याचा सांडवा खालच्या मोठ्या तलावात उतरतो तो साखळीत ठेवा. दुसऱ्याचं पाणी तुम्ही लिहिल्याप्रमाणे थेट गाढवी नदीकडे जात असेल आणि खाली तुमचा एकही तलाव नसेल, तर तो खुला राहू द्या. डोह बंद झाल्याने सरकणाऱ्या घरांना तो लागेल.